कळणे आणि कळवणे

आमच्या साताऱ्याच्या घरी नरकचतुर्दशीला पहाटे चार वाजता बंब पेटे. पुरुषमाणसांना आणि मुलांना तेल-उटणे लावून न्हाऊ घालायचे ते नंतर. त्याआधी माजघराचे दार लोटून घेऊन घरातल्या बायका एकमेकींच्या पाठीला तेल चोळीत. माझी आई आणि थोरली काकू या दोघी जावा. पण त्या अर्ध्या तासात त्या जावा राहत नसत. आईच्या हाताला जोर होता, आणि काकू डोळे मिटून म्हणे, "चोळ गं, चोळ. वर्षाचा शीण एकदाच निघतो." मी पाटाशेजारी कोमट तेलाची वाटी धरून बसलेली असे. १९६६ सालच्या दिवाळीत आई नेहमीसारखी वाटीत बोटे बुडवून पुढे सरकली, तेव्हा काकू म्हणाली, "यंदा मला राहू दे. माझं मी लावून घेते." आईचा हात क्षणभर तसाच राहिला. मग तिने तो माझ्या डोक्यावर ठेवला. मी तेरा वर्षांची होते. मला वाटले, माझी पाळी यंदा लवकर आली.

पुढच्या वैशाखात माझ्या ताईचे लग्न झाले. त्या लग्नाचा सारा भार काकूने उचलला. पापड-कुरडया, रुखवत, विहिणींची पंगत, आहेराच्या याद्या, कुठेही तिचे पाऊल मागे पडले नाही. शेवटचा पाहुणा गेला, मांडव उतरला, ताई पहिल्या माहेरपणाला येऊन परत गेली. आणि मग आषाढात एके रात्री काकूने काकांना सांगितले की डाव्या बाजूला गाठ आहे. तिला मुंबईला, परळच्या टाटा इस्पितळात नेले. तोवर दुखणे काखेत उतरले होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे सारा स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकल्या. १९६९ च्या श्रावणात ती गेली. गाठ हाताला लागली तेव्हा तिचे वय शेहेचाळीस होते.

त्या दोन वर्षांत आणि पुढे कितीतरी वर्षे आमच्या घरात एक प्रश्न फिरत राहिला: "आधी सांगायला काय झालं होतं?" काका विचारीत, आत्या विचारी, समाचाराला येणारा प्रत्येक जण चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारी. त्या प्रश्नाला कुणी उत्तराची वाट पाहत नसे. पण मला उत्तर मिळाले होते. शाळेतून आल्यावर मी काकूच्या उशाशी बसून तिला वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. एकदा बाहेरच्या खोलीत तो प्रश्न चालू असलेला तिने ऐकला, आणि छताकडे पाहत ती मला म्हणाली, "दिवाळीतच कळलं होतं मला. पण कळवायचं कुणाला?"

कळणे आणि कळवणे या दोन क्रियापदांत आपल्या भाषेने एका अक्षराचे अंतर ठेवले आहे. काकूला ते अंतर तोडायला दिवाळीपासून आषाढापर्यंत आठ महिने लागले.

यात लाजेचा वाटा मोठा होता, हे खरे. आमच्या घरात त्या अवयवाला नावच नव्हते. 'स्तन' हा शब्द मला प्रथम भेटला तो संस्कृतच्या तासाला, आणि तो श्लोक मास्तरांनी "घरी वाचा" म्हणून पुढे ढकलला. बोलताना बाळंतीण 'अंगावर पाजी', तिचे 'अंगावरचे दूध' आटे, दुखले तर 'छातीत' दुखे. मुलाला वाढवणारा अवयव, पण बोलण्यात मात्र तो सबंध अंगात मिसळून नाहीसा झालेला. काकूने काकांनाही नुसते "इकडे गाठ आलीय" असे म्हणून हाताने दाखवले होते. पण ही लाज काही एकट्या साताऱ्याची नव्हे. ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस याने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी इराणच्या अतोसा राणीची हकीकत लिहून ठेवली आहे. ती दरायस बादशहाची बायको. तिच्या स्तनावर गाठ आली. लहान होती तोवर तिने लाजेने ती लपवली, कुणाला सांगितले नाही. दुखणे वाढल्यावर तिने डेमोसेडीस नावाच्या ग्रीक वैद्याला बोलावले. तो म्हणाला, मी बरे करतो, पण मी मागेन ते द्यायचे. त्याने मागितले ते असे, की राणीने बादशहाला ग्रीसवर स्वारी करण्याची गळ घालावी, म्हणजे त्याला मायदेशी जायची वाट सापडेल. राणी होती म्हणून तिच्याजवळ देण्याजोगे काही तरी होते. आमच्या काकूजवळ द्यायला फक्त ताईच्या लग्नाचा मुहूर्त होता, आणि तो तिला द्यायचा नव्हता.

पुढे मी शाळेत शिकवू लागले, निवृत्त झाल्यावर महिला मंडळाच्या कामात पडले. तिथे काकूची ही गोष्ट मी किती वेळा सांगितली असेन! गोष्ट सांगायची आणि शेवटी म्हणायचे, "म्हणून बायांनो, वेळेवर तपासणी करून घ्या." बायका हळहळत, दोघीतिघी नावे नोंदवीत. माझे काही चुकते आहे अशी शंका मला कित्येक वर्षे आली नाही. पण चुकत होते. काकूची गोष्ट तपासणीची नव्हतीच. तिला गाठ शोधायची नव्हती. गाठ तिला सापडलेलीच होती. ज्या स्त्रीला काहीच होत नाही, जिच्या हाताला काही लागत नाही, तिला बोलावून तिच्या शरीरात दुखणे शोधणे ही एक गोष्ट. आणि जिला कळले आहे तिने ते सांगणे ही दुसरी. डॉक्टर पहिलीला 'स्क्रीनिंग' म्हणतात. मी तिला चाळण म्हणते, कारण धान्य चाळताना जे घडते तेच तिथे घडते: खडे निघतात, काही बारीक खडे तसेच राहतात आणि खड्यांबरोबर थोडे दाणेही बाहेर पडतात. या दोन गोष्टी एकाच वाक्यात घातल्या की पहिलीतला अवघड प्रश्न झाकला जातो आणि दुसरीतला अपराध भलत्याच माणसाच्या माथी बसतो.

मला हे उमगले ते स्वतःवर वेळ आली तेव्हा. २०११ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी, इतर बायकांना सांगायचे तर आधी आपण करावे म्हणून मी मॅमोग्राफी करून घेतली. त्यात एक सावली दिसली. मग सोनोग्राफी, मग सुई, मग अहवालाची वाट. सतरा दिवस. त्या सतरा दिवसांत मी कपाटातल्या साड्या कोणत्या कुणाला हे मनाशी ठरवून टाकले, आणि एका रात्री मुलाच्या लहानपणीच्या फोटोंची पिशवी उघडून बसले. अहवाल आला, काही नव्हते. तंत्रज्ञ मुलगी हसून म्हणाली, "बघा आजी, सुटलात!" मीही हसले. पेढेसुद्धा वाटले. घरी आल्यावर मात्र मनात आले, मी सुटले ती कशातून? ज्यातून सुटले ते यांनीच तर मला दिले होते! हा कृतघ्नपणा आहे की साधा हिशेब, हे मला ठरवता येईना. मास्तरकीची सवय; वाचायला बसले.

या चाळणीची सुरुवात ज्यांनी केली ते फिलिप स्ट्रॅक्स हे न्यूयॉर्कचे डॉक्टर. त्यांची पत्नी एकोणचाळिसाव्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाने गेली. १९६३ साली त्यांनी आणि सॅम शपिरो वगैरे सहकाऱ्यांनी एका आरोग्य-विमा योजनेतल्या सुमारे ६२ हजार स्त्रिया निवडल्या. वय ४० ते ६४. निम्म्यांना दरवर्षी क्ष-किरणांनी आणि हाताने तपासण्यासाठी बोलावले. निम्म्यांना नेहमीचे वैद्यकीय उपचार तसेच चालू ठेवले. दहा वर्षांनी पाहिले तर बोलावलेल्यांत या रोगाचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी होते. पत्नीवियोगाचे दुःख माणसाला काय काय करायला लावते! शहाजहानने केले त्याहून हे मला अधिक वाटते.

पण नुसती 'लवकर सापडले' म्हणून कुणी जास्त जगले असे होत नाही, हे त्या लोकांना ठाऊक होते. म्हणून तर निम्म्यांना न बोलावता तुलना केली. समजा, मुंबईला जाणाऱ्या एकाच गाडीत एक बाई पुण्याला चढली आणि दुसरी लोणावळ्याला. पहिलीचा प्रवास लांबला हे खरे. पण दोघी दादरला उतरल्या एकाच वेळी. रोग कळल्यापासूनची वर्षे मोजली तर पुण्याहून बसलेली बाई अधिक जगली असे दिसेल. खरे पाहायचे ते तिची गाडी पुढे गेली का, एवढेच. त्यातून काही गाड्या इतक्या संथ असतात की त्या मुक्कामाला पोहोचण्याआधीच बाई दुसऱ्याच कारणाने उतरून गेलेली असते. असा कर्करोग सापडला नसता तर तिला आयुष्यभर त्याची गंधवार्ताही लागली नसती. आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, यातला संथ कोणता आणि घातकी कोणता, हे आजही नेमके सांगता येत नाही. तेव्हा सापडले की कापणे आलेच.

२०१२ साली ब्रिटनमध्ये या प्रश्नासाठी नेमलेल्या एका स्वतंत्र समितीने जो हिशेब मांडला तो असा: पन्नाशीच्या १० हजार स्त्रियांना वीस वर्षे तपासणीला बोलावले तर ४३ जणी या रोगाच्या मरणातून वाचतात; आणि १२९ जणींना, ज्यांना कधीच त्रास झाला नसता असा कर्करोग असल्याचे सांगून उपचार दिले जातात. सगळ्यांना हे आकडे मान्य नाहीत. कॅनडात १९८० साली सुरू झालेल्या एका मोठ्या पाहणीत पंचवीस वर्षांनीही मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत, आणि त्या पाहणीवरही उलट टीका झाली. तज्ज्ञांचे भांडण मी मिटवू शकत नाही. पण ब्रिटिश समितीचा हिशेब हाच बरोबर धरून चाललो तरी जो प्रश्न उरतो तो डॉक्टरांचा नाही, तुमचा-माझा आहे.

त्या ४३ जणी कोण हे कुणालाच सांगता येत नाही. त्या १२९ कोण, हेही नाही. प्रत्येक शस्त्रक्रिया झालेली बाई म्हणणार, "तपासणी केली म्हणून वाचले," आणि तसे म्हणणाऱ्यांत वाचलेल्याही असतील, उगाच कापल्या गेलेल्याही असतील. आपल्याकडे गुप्तदानाचे पुण्य मोठे मानतात. पण गुप्तदानात निदान देणाऱ्याला माहीत असते की आपण दिले. इथे १२९ जणींनी आपले अंग दिले तेव्हा त्या ४३ जणींना जीव मिळाला, आणि देणारी देवळातून बाहेर येते ती आपल्यालाच प्रसाद मिळाला अशा समजुतीने. दानाला संकल्प लागतो. हातात पाणी घेऊन, काय देतो आहे याचा उच्चार करून ते सोडायचे असते. मला कुणी असा उच्चार ऐकवला नव्हता. बोलावण्याच्या कागदावर गुलाबी फीत होती आणि 'उशीर करू नका' असे होते. माझी तक्रार असेल तर ती एवढीच आहे. तपासणीला बोलावू नका असे मी म्हणत नाही. ४३ जीव हे ४३ घरे आहेत, आणि आईवाचून घर म्हणजे काय हे मी काकूच्या मुलांकडे पाहून शिकले आहे. पण एखाद्या निरोगी बाईला भीती घालून, अपराधी वाटायला लावून बोलवायचे, आणि हिशेबातली एकच बाजू वाचून दाखवायची, हे मला पटत नाही. तिला दोन्ही आकडे सांगावेत. ऐकून ती "येते" म्हणाली तर तिचे येणे खरोखर मोठे आहे. "नको" म्हणाली तर ती मूर्ख नव्हे.

आणखी एका पाहणीने मला चांगलेच चकवले. महिला मंडळात आम्ही आरशासमोर उभे राहून स्वतःची तपासणी कशी करावी ते चित्रे लावून शिकवीत असू. फुकटचे, निरुपद्रवी, घरच्या घरी. चीनमध्ये शांघायच्या कापडगिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार स्त्रियांवर हेच करून पाहिले होते. निम्म्यांना नीट शिकवले, पुन्हा पुन्हा आठवण दिली, देखरेख ठेवली. २००२ साली निकाल छापला. दहा वर्षांत शिकवलेल्यांतल्या १३५ जणी गेल्या, न शिकवलेल्यांतल्या १३१. फरक नाही. साध्या, निरुपद्रवी गाठींवर सुरी मात्र शिकवलेल्यांत बरीच अधिक चालली. मी ती चित्रे काढून ठेवली. नंतर पुन्हा विचार करून त्यांतले शेवटचे चित्र मात्र परत लावले, ज्यात एक बाई डॉक्टरीणबाईंशी बोलते आहे. शांघायचा निकाल सांगतो की न लागलेली गाठ महिन्याच्या महिन्याला चाचपत बसून आयुष्य वाढत नाही. लागलेली गाठ पदराआड ठेवावी असे तो कुठेही सांगत नाही.

हे झाले परमुलखाचे. आपल्याकडे मॅमोग्राफीची यंत्रे गावोगाव नाहीत. शिवाय आपल्या बायकांना हा रोग पाश्चात्त्य बायकांपेक्षा सरासरीने लवकरच्या वयात होतो, आणि तरुण वयात स्तन घट्ट असल्याने त्या यंत्राला नीट दिसत नाही. मग काय करावे? याचे उत्तर शोधायला १९९८ साली मुंबईत टाटा इस्पितळाच्या इंद्रनील मित्रा आदी डॉक्टरांनी झोपडवस्तीचे वीस विभाग घेतले. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागांची वाटणी केली, दहा इकडे, दहा तिकडे. इकडच्या दहांत आरोग्यसेविका गेल्या. डॉक्टर नव्हेत, शाळा शिकलेल्या आणि या कामापुरत्या तयार केलेल्या साध्या बायका. दर दोन वर्षांनी एकदा, असे चार वेळा त्यांनी नुसत्या हातांनी तपासले. तिकडच्या दहांत रोगाची माहिती सांगितली, आणि दर दोन वर्षांनी जाऊन काय झाले याची नोंद घेतली. पण तपासले नाही.

निकाल छापून आला २०२१ साली. हाताने तपासलेल्यांत पुढच्या अवस्थेत सापडणारे रोगी ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले: दर लाख स्त्रियांमागे वर्षाला पस्तिसाच्या जवळपास होते ते पंचविसाच्या जवळपास आले. यंत्र नाही, वीज नाही, बाईचा हात! वाचून मला आईचे तेल लावणारे हात आठवले, हे लपवत नाही. पण पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यू कमी झालेच नाहीत. हे वाक्य मी दोनदा वाचले. काकू शेहेचाळीस वर्षांची होती. म्हणजे एखादी सेविका दर दोन वर्षांनी साताऱ्याच्या आमच्या दारात आली असती, तरी तिच्या येण्याने काकू वाचली असती असे या आकड्यांच्या जोरावर मला म्हणता येत नाही.

आणि त्या दुसऱ्या दहा विभागांचे काय? तिथल्या ज्या बायका गेल्या, त्यांच्या दारापर्यंत माणूस येत होता. तो मोजत होता, पण हात लावत नव्हता. हे योग्य होते काय? त्याच पाहणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही तपासणी होती, आणि तिथे या तुलनेवर कडक टीका झाली. मला स्वतःला हा प्रश्न सोडवताना कधी एक बाजू खरी वाटते, कधी दुसरी. हाताच्या तपासणीने जीव वाचतो की नुसती भीती वाटते, हे १९९८ साली कुणालाच माहीत नव्हते. आणि माहीत नसलेले औषध सगळ्यांनाच पाजणे हे दयाळूपणाचे वाटले तरी ते प्रामाणिकपणाचे नाही. न्यूयॉर्कमध्येही निम्म्या स्त्रिया बाहेर ठेवल्याच होत्या. पण न्यूयॉर्कच्या बाईला गाठ लागली तर तिच्या हाती विम्याचे कार्ड होते. चेंबूर-गोवंडीकडच्या झोपडीत राहणारी अशी कोणतीही बाई घ्या, तिच्या हाती काय असते? तेव्हा मी शेवटी येते ती इथवर, की असे ज्ञान ज्यांच्या जिवावर मिळाले त्यांच्या दारात ते आधी परत गेले पाहिजे. २०१६ साली सरकारने तीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांना हाताने तपासण्याची योजना आखून दिली. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांमागे अशी तपासणी कधी तरी झालेली एकही धड भरली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेसाठी विल्सन आणि युंगनर या दोघांनी १९६८ सालीच लिहून ठेवले होते, की निदानाची आणि उपचाराची सोय असल्याशिवाय निरोग्यांना चाळायला जाऊ नये. काकू तेव्हा हयात होती. किती साधी गोष्ट! ज्या तालुक्यात सुई घालून पाहायची सोय नाही तिथे शिबिर भरवून "तुम्हाला गाठ आहे" असे सांगायचे आणि तंबू गुंडाळून निघून जायचे, हे कळवणे नव्हे.

गाठ लागलेल्या बाईला मात्र आज काकूपेक्षा एक मोठा आधार आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही. १९८५ साली अमेरिकेतल्या बर्नार्ड फिशर यांनी दाखवून दिले की गाठ चार सेंटिमीटरपर्यंतची असेल तर सारा स्तन काढला काय आणि नुसती गाठ काढून किरणोपचार केले काय, जगण्यावाचण्यात फरक पडत नाही. काकूच्या काळी सांगणे म्हणजे अंगाचा एक भाग देऊन टाकणे, हे ठरलेले होते. आज लवकर बोलले तर पुष्कळदा तो भाग राहतो. बायका गप्प बसतात त्या मरणाच्या भीतीने कमी आणि या भीतीने जास्त, असा माझा अनुभव आहे.

आणि तिसऱ्या एका भीतीने. ती मला आईने शिकवली. आई नव्वदीला आली होती, विसरत चालली होती, पण जुने लख्ख आठवे. एका दिवाळीच्या आदल्या दिवशी मी तिच्या पाठीला तेल लावत होते. ती एकाएकी म्हणाली, "मला संशय आला होता गं." मी विचारले, "कसला?" "तिनं हात लावू दिला नाही तेव्हाच. बाईमाणसाला कळतं. पण विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. मग तुझ्या ताईचं लग्न राहिलं असतं. मुलाकडची माणसं काही थांबणारी नव्हती." मी तेल लावीत राहिले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी तिला कधी विचारलं नाही. मी बाहेर सगळ्यांसारखंच म्हणत राहिले, आधी सांगायला काय झालं होतं म्हणून."

ताईला मी हे सांगितलेले नाही. ताई आता ऐंशीच्या घरात आहे, तिचा संसार चांगला झाला. हा निबंध ती वाचील. वाचो.

गेल्या वर्षी नरकचतुर्दशीला आमच्याकडे बंब नव्हता, गीझर होता. पण तेल कोमट केले होते. सुनेच्या पाठीला मी लावीत होते. ती चाळीस वर्षांची, नोकरी करणारी. माझा हात खांद्यावरून पुढे येताच तिने तो धरला आणि बाजूला नेऊन ठेवला. "आई, इथे बघा. मला चार दिवसांपासून लागतंय." हरभऱ्याएवढी गाठ होती, बोटाखालून सरकणारी. माझ्या तोंडाला कोरड पडली. मी म्हटले, "आज सणाचा दिवस..." आणि जीभ चावली. ती म्हणाली, "हो, आज दवाखाने बंद असतील. फराळाला सगळे येतील तेव्हा सांगते."

आणि तिने सांगितले. दिवाणखान्यात दीर, नणंद, दोन पुतणे, शेजारचे जोशीकाका, सगळ्यांच्या हातात बशा होत्या. तिने त्या अवयवाचे नाव घेतले, मराठीतून, स्पष्ट. जोशीकाकांनी चकलीकडे पाहिले. माझा मुलगा उठला, तिच्या शेजारी जाऊन बसला आणि फोन काढून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची वेळ पाहू लागला. भाऊबीजेला तिचा भाऊ आला, त्याला ओवाळता ओवाळता ती म्हणाली, "उद्या साडेनऊला मला दवाखान्यात जायचंय. ओवाळणी नको, गाडी घेऊन ये."

तो सव्वानऊलाच आला. सुईने पाणी निघाले आणि गाठ बसली. साध्या पाण्याची होती. परत येताना तिने गाडीतूनच एकामागून एक फोन लावले, जोशीकाकांनासुद्धा. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते.